दृढीकरण वर्ग की वेदीसेवा?

अमेरिकेतल्या एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, किशोरवयीन मुलांपुढे बहुधा या दोन वाटा असतात. दृढीकरण (कन्फर्मेशन) वर्गात बाप्तिस्म्याची वचनं समजून घेऊन ती स्वतःच्या तोंडाने पुन्हा द्यायची. मग बिशप डोक्यावर हात ठेवतात. 1979च्या प्रार्थनापुस्तकानुसार कम्युनियनसाठी (प्रभुभोजनासाठी) दृढीकरणाची अट नाही, तेव्हा मैत्रिणी दृढीकरण घेतायत म्हणून घाई नको. बिशपांच्या भेटीची तारीख मात्र आधीच विचारून ठेवा.

वेदीसेवा, म्हणजे वेदीपाशी मदत करणाऱ्या अकोलाइटचं काम, हातांना शिकवतं. बहुतेक ठिकाणी मेणबत्त्या वेदीकडे तोंड करून उजवीकडून पेटवतात, विझवताना क्रम उलटा. विझवायची टोपी ज्योतीवर अलगद धरायची. दाबली की वात वितळलेल्या मेणात बुडते आणि पुढच्या रविवारी पेटता पेटत नाही. बुजऱ्या मुलाला आधी हीच सेवा द्यावी. वेदीपाशी उभं राहिल्यावर त्याला जे प्रश्न पडतील, तेच घेऊन तो वर्गात येईल.