सॅव्हेज वर्ल्ड्सवर एक पावसाळा आणि ब्रेनच्या २८ गोळ्या

आमचा गट टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रे चालवण्याचे रोलप्लेइंग खेळ खेळतो. सैनिकी मोहिमेसाठी आम्ही खरे तर ट्वायलाइट २००० ही नियमावली निवडली होती. सॅव्हेज वर्ल्ड्स ही दुसरी नियमावली वापरात आली ती केवळ एका विक्रेत्याच्या कृपेने. मागवलेल्या खोक्यातला मोठा नकाशा घडीवर उभा फाटलेला निघाला, आणि तक्रार केल्यावर ‘खोके उघडतानाचा व्हिडिओ पाठवा’ एवढे एकच उत्तर दर वेळी नव्या कर्मचाऱ्याच्या नावाने येत राहिले. माल परत घेतील या आशेने आम्ही खोके तसेच बांधून ठेवले आणि तोवर खेळ अडू नये म्हणून माझ्याकडे पीडीएफ स्वरूपात पडून असलेली सॅव्हेज वर्ल्ड्सची ॲडव्हेंचर एडिशन बाहेर काढली. विक्रेत्याने अखेर किमतीचा काही भाग परत केला, कस्टम ड्युटी मात्र आमच्या माथी राहिली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मित्राच्या माडीवर जूनमध्ये सुरू झालेला तो तात्पुरता खेळ दिवाळी उलटून गेली तरी त्याच नियमांवर चालू आहे.

मोहीम १९४४ च्या इटलीतली आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले एक काल्पनिक सेक्शन, म्हणजे दहा जणांची छोटी तुकडी, वरच्या टायबर खोऱ्यातून उत्तरेकडे सरकते आहे. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी गाजवलेल्या पराक्रमासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव आम्ही खेळात आणलेले नाही, पण नियमावली पारखताना तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर होता. सेक्शनमधले सर्व जण मशीनगनच्या माऱ्यात पडलेले असताना एकटा नाईक पुढे धावतो, ग्रेनेड टाकतो, टॉमीगनने एकाला टिपतो आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्यांवर बंदुकीचा दांडाच चालवतो. जी नियमावली असा प्रयत्न करण्याची खेळाडूची छातीच होऊ देत नाही, ती या मोहिमेसाठी कुचकामी आहे, असे माझे मत आहे.

गर्प्स ही तिसरी नियमावली आम्ही आधी पाहिली होती, कारण तिची ३२ पानांची लाइट आवृत्ती फुकट मिळते आणि फुकट वस्तूला नाही म्हणणे माझ्या स्वभावात नाही. तीन फासे टाकून कौशल्याच्या आकड्याइतके किंवा त्याखाली यायचे, ही रीत कोणालाही पाच मिनिटांत समजते. परंतु तिथली एक खेळी म्हणजे एक सेकंद. आधी नेम धरायचा, मग अंतराच्या तक्त्यातून वजाबाकी करायची, मग गोळी झाडायची. एका शेतघरासमोरची दहा-बारा सेकंदांची चकमक आमची अख्खी संध्याकाळ खाऊन गेली आणि शेतघर जर्मनांकडेच राहिले. दोघांच्या द्वंद्वाला हे गणित शोभते. दहा जणांच्या सेक्शनला नाही.

सॅव्हेज वर्ल्ड्सचा खर्च जवळजवळ शून्य आहे. प्रत्येकाला फाशांचा एक संच आणि वेगळ्या रंगाचा एक सहा बाजूंचा फासा पुरतो. ‘बेनी’ म्हणून, म्हणजे फासा पुन्हा टाकायला किंवा जखम टाळायला खर्च करायच्या चकत्या म्हणून, आम्ही कॅरमच्या सोंगट्या वापरतो, आणि पुढाकार ठरवायला घरातला पत्त्यांचा जुना जोड चालतो. दर फेरीला पत्ते वाटायचे, मोठ्या पानाची खेळी आधी, आणि समान पाने आल्यास इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने. मित्राच्या आजी पहिले काही शनिवार आम्हाला तीन पत्तीवाले समजत होत्या. पावसाळी हवेत पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात, त्यामुळे पिसणे हे एक कामच होऊन बसते. तेवढी गैरसोय धरूनही प्रत्येक फेरीला क्रम बदलण्याचा हा प्रकार गोंधळाच्या लढाईला फार शोभून दिसतो.

आता ज्या नियमाने माझी झोप उडवली, त्याकडे वळतो. शस्त्राच्या रेट ऑफ फायरवर, म्हणजे झाडण्याच्या दरावर, किती गोळ्या खर्च होणार हे ठरलेले आहे: दर एक असेल तर १, दोनला ५, तीनला १०. सेक्शनच्या ब्रेन या लाइट मशीनगनचा दर आम्ही तीन धरला. तिच्या मॅगझीनमध्ये ३० गोळ्या मावतात, म्हणजे दहा-दहाच्या तीन फैरी झाल्या की मॅगझीन रिकामे. हा हिशेब मला किराणा दुकानाच्या बिलासारखा वाटला आणि मी त्याला उघडपणे नावे ठेवली. ट्वायलाइटमध्ये गोळ्यांसाठी वेगळे फासे टाकतात आणि त्यांची बेरीज येईल तितक्या गोळ्या संपतात. ती युक्ती आम्ही उसनी घेतली, पण ब्रेनवाला खेळाडू संध्याकाळभर वजाबाकीच करत बसला, तेव्हा ती सोडून दिली.

मग एका शनिवारी आमच्यातल्या एकाचे काका, जे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत, थोडा वेळ खेळ पाहत बसले आणि एवढेच म्हणाले, “तीस कोण भरतंय? अठ्ठावीस भरायच्या. स्प्रिंग बसली की ऐन वेळी अडकती.” या दोन गोळ्यांनी सगळा हिशेब बदलला. दहा आणि दहा गेल्यावर आठच उरतात, त्यांत पूर्ण दराची फैर बसत नाही. मग दर दोनवर येऊन पाच गोळ्या झाडायच्या आणि शेवटच्या तीन एकेकट्या. ब्रेन आपल्या डोळ्यांसमोर धापा टाकते आहे हे टेबलावरच्या प्रत्येकाला दिसू लागले. नंबर दोनचे, म्हणजे ब्रेनवाल्याच्या मदतनिसाचे पात्र, जे आधी कोणीच घ्यायला तयार नव्हते, त्याच्यासाठी आता चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, कारण आठ गोळ्या उरल्याची हाक त्याने दिली नाही तर पुढची फेरी वाया जाते. ठरीव आकड्यांच्या तक्त्याबद्दलचे माझे मत त्या संध्याकाळपासून पालटले आहे. पुस्तकात हे २८ चे प्रकरण नाही. ते आमच्या वहीत आहे आणि तिथेच राहील.

‘शेकन’ची, म्हणजे हादरण्याची तरतूदही काकांना पटली. मार फार जोराचा लागला नाही तर माणूस मरत नाही, पण हादरतो, आणि पुढच्या खेळीच्या सुरुवातीला मनोबलाचा फासा जिंकेपर्यंत त्याच्याकडून धड काही होत नाही. साधे सैनिक एका जखमेत बाद होतात, मुख्य पात्रे तीन जखमांपर्यंत उभी राहतात. त्यामुळे एकट्याने धावत जाण्याचा विचार खेळाडूच्या मनात येतो आणि तो मूर्खपणाचाही ठरत नाही. फासा कमाल आकड्यावर पडला की पुन्हा टाकून बेरीज करायची असल्यामुळे एखादी गोळी मुख्य पात्रालाही आडवी करते. ट्वायलाइट इथे कमी पडते असे नाही, त्याचा विषयच निराळा आहे. पोलंडमध्ये मागे राहिलेल्या, इंधन आणि अन्न शोधत फिरणाऱ्या तुकडीसाठी ते नियम उत्तम आहेत. आमच्या सेक्शनच्या मागे मात्र रसद, तोफखाना आणि खेचरे आहेत.

बेनींवर मी सुरुवातीला खूश होतो, आता तितका नाही. प्रत्येकाला सत्राच्या आरंभी तीन मिळतात, आणि जोकर निघाला की ज्याच्या वाट्याला तो येतो त्याच्यासह सगळ्या खेळाडूंना एकेक जादा मिळते. आमचे लोक त्या सोंगट्या शेवटच्या चकमकीसाठी दडवून ठेवतात, मग सत्राचा पहिला भाग कंजूषपणे रेंगाळतो आणि शेवटी जखमांची उधळपट्टीने मिटवामिटव होते. रात्री दहानंतर जोकरची बेनी द्यायची नाही, असा घरगुती नियम मी केला आहे. त्यावर दोघे अजून नाराज आहेत.

शिरोळकडचे खेळाडू जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते पाण्याखाली गेले की येऊ शकत नाहीत. अशा वेळी त्यांची पात्रे साधे साथीदार म्हणून हजर खेळाडूंनी चालवायची, आणि साथीदारांच्या गोळ्या मोजायच्या नसतात. भरपूर, पुरेशा, कमी, संपल्या अशा पायऱ्यांनी त्या लढाईगणिक उतरतात. एका ब्रेनचा हिशेब काटेकोर आणि बाकी सेक्शनचा ढोबळ, हे प्रमाण आम्हाला मानवले.

पुढचा टप्पा एप्रिल १९४५ मधील सेनिओ नदीचा आहे. पुस्तकातले मास बॅटल्सचे नियम, ज्यात दोन्ही सैन्यांना सोंगट्या देऊन सेनापतींचे फासे एकमेकांविरुद्ध टाकले जातात, ते मी तिथे वापरणार नाही, कारण नदीच्या बांधावर आमच्या खेळाडूंना ना सेनापती दिसणार आहे ना सैन्य. ब्रेन पाण्यात भिजल्यावर काय करायचे, हे मात्र अजून ठरलेले नाही. त्यासाठी काकांना पुन्हा एका शनिवारी बोलावले आहे.