चार वर्षांचं मूल आणि किडलेल्या दाढा: खुर्चीत, गॅसवर की पूर्ण भुलेखाली?

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, "चार दाढांचं काम आहे, त्यातल्या दोन खोल गेल्यात." घरी आल्यावर लगेच दोन तट पडतात. आजीचं म्हणणं, दुधाचेच दात, आज ना उद्या पडणार, कशाला लेकराचे हाल? बाबांनी रात्री मोबाइलवर ‘लहान मुलांना भूल’ एवढंच शोधलेलं असतं आणि त्यांची झोप उडालेली असते. उद्या क्लिनिकला फोन करून काय ते कळवायचं काम मात्र आईच्या गळ्यात.

आजीच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. पुढचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांचं झालं की पडतातच. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला त्याच दाढांनी अजून सहा ते आठ वर्षं पोळी चावायची आहे. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, कुठलाही दात न पडता, त्यामुळे बऱ्याच घरांत ती दुधाचीच समजली जाते. पुढची दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर ही कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. म्हणून अशी दाढ काढल्यावर डॉक्टर जागा राखणारी तार बसवायला सांगतात. ठणका, गालाला सूज किंवा हिरडीवर पुवाची पुळी असेल तर ‘बघू नंतर’ हा पर्यायच उरत नाही.

आता निवड कशी करायची? बहुतेक आईबाप एकाच गोष्टीवर अडतात: मूल रडेल का? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. चार वर्षांचं मूल रडणारच. ते केस कापतानाही रडतं. आधी हे विचारा की काम किती दातांचं आहे, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली आहे का, आणि थोडं थांबलं तर चालण्यासारखं आहे का. या तीन उत्तरांवर निम्म्याहून अधिक निर्णय आपोआप होतो.

थांबायला जागा असेल तर

दाढ दुखत नाही आणि कीड नसेपासून दूर आहे, अशा वेळी दोन उपाय आहेत. आपल्याकडे ते पुरेसे सुचवले जात नाहीत, असं मला वाटतं.

पहिला म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एसडीएफ’. दात पुसून कोरडा करायचा आणि बारीक ब्रशने एक थेंब लावायचा. सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांत मूल खुर्चीवरून खाली. कीड बहुतेक वेळा तिथेच थोपते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मोठी अडचण एकच, पण ती डोळ्यांत भरणारी: किडलेला भाग काळाकुट्ट होतो आणि तसाच राहतो. मागच्या दाढेत ते कोण बघतंय? पण वरच्या पुढच्या दातांवर लावलं तर शाळेच्या प्रत्येक फोटोत दिसेल, तेव्हा हो म्हणण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ओठाला किंवा गालाला थेंब लागला तर डाग काही दिवसांत जातो, कपड्यावरचा जात नाही. एकदा लावून भागत नाही, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. आणि खड्डा बुजत नाही, त्यात घास अडकत राहतो.

दुसरा उपाय हॉल पद्धतीची कॅप. स्कॉटलंडच्या डेंटिस्ट नॉर्ना हॉल यांच्या नावावरून हे नाव पडलं. दाढ न कोरता, इंजेक्शन न देता स्टीलची तयार कॅप सिमेंट भरून दाढेवर दाबून बसवतात आणि मुलाला कापसाचा बोळा चावायला लावतात. आतल्या किडीला अन्न मिळेनासं झालं की ती मंदावते. दाढांमध्ये फट नसेल तर काही दिवस आधी छोटी रबरं अडकवतात. पहिले काही दिवस मूल ‘दात उंच लागतो’ म्हणून कुरकुरतं, काही आठवड्यांत चावा आपोआप जुळतो. कॅप चांदीसारखी दिसते. मोठ्यांना ती खटकते, मुलं मात्र वर्गात तोंड उघडून दाखवत फिरतात.

खुर्चीत, जागेपणी

एक-दोन दाढा, मूल साडेतीन-चारच्या पुढचं, अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलणारं: अशा मुलासाठी माझी पहिली पसंती हीच. बालदंतवैद्यकात 1959 पासून एक पद्धत रुळली आहे: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. चांगल्या डॉक्टरकडे हे कसं चालतं ते बघण्यासारखं असतं. हळू फिरणारा ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरतो. मग त्याच्या बाहुलीच्या दातावर. वाऱ्याची पिचकारी आधी तळहातावर, थुंकी ओढणाऱ्या नळीने आधी कपातलं पाणी संपवून दाखवायचं. प्रत्येक यंत्राला टोपणनाव असतं. ‘हात वर केलास की मी थांबणार’ असा करार होतो आणि डॉक्टर पहिल्यांदा हात वर झाल्यावर खरंच थांबतात. इथे मुलाचा विश्वास बसतो किंवा कायमचा उडतो. सुईच्या आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावतात आणि सिरिंज हनुवटीच्या खालून आणतात, म्हणजे ती मुलाच्या नजरेला पडत नाही.

हे सगळं आईबाप एका वाक्यात पाण्यात घालू शकतात. "अजिबात दुखणार नाही हं, सुई नाही टोचणार" हे ते वाक्य. सुई हा शब्द मुलाने तोवर ऐकलेलाही नसतो. आणि "त्रास दिलास तर डॉक्टरकाकांना इंजेक्शन द्यायला लावेन" असं वर्षभर दटावून मग त्याच काकांच्या खुर्चीत बसवणं, याला काय म्हणावं! "काका दात मोजणार, दाढेला झोपवणार, थोडं दाबल्यासारखं वाटेल" एवढं पुरे.

खोल गेलेल्या दाढेचं रूट कॅनालही असंच खुर्चीत होतं. मोठ्यांच्या दातात गट्टा पर्चा नावाचा न विरघळणारा, रबरासारखा पदार्थ भरतात, दुधाच्या दाढेत विरघळणारी पेस्ट, कारण खालचा कायमचा दात वर येताना ही मुळं झिजायला हवीत. वर कॅप. चार दाढांना तीन-चार खेपा सहज लागतात. वेळ सकाळची घ्या. दुपारी झोपेला आलेल्या, उपाशी मुलाकडून सहकार्याची अपेक्षा करू नये.

तोटा म्हणाल तर खेपा, आणि दर खेपेला नवा मूड. पहिली खेप छान गेली म्हणून दुसरी जाईलच असं नाही.

लाफिंग गॅस

नावामुळे गैरसमज फार. मूल झोपत नाही आणि सहसा खदाखदा हसतही नाही. नाकावरच्या छोट्या मास्कमधून ऑक्सिजनबरोबर नायट्रस ऑक्साइड दिला जातो. मूल जागं, बोलतं, पण सैलावलेलं. काम संपल्यावर काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की असर उतरतो आणि मूल चालत घरी येतं. दात बधिर करायला इंजेक्शन लागतंच, फक्त ते मुलाला तितकं जाणवत नाही.

हा पर्याय घाबरट पण ऐकणाऱ्या मुलासाठी. जे मूल मास्कच लावू देत नाही, त्याच्यासाठी याचा उपयोग शून्य, कारण गॅस नाकाने ओढावा लागतो. सर्दीने नाक चोंदलं असेल किंवा मूल तोंडाने श्वास घेत असेल, तरी तेच. तीन वर्षांखालच्या मुलांत तो क्वचितच जमतो. ‘गॅस आहे आमच्याकडे’ हे ऐकून हुरळून जाण्याआधी मुलाला घरी स्वच्छ कागदी मास्क लावून नाकाने श्वास घ्यायचा खेळ खेळून बघा. पाच मिनिटं टिकला तर पुढे बोलू.

काही ठिकाणी गुंगीचं सिरप देऊन काम करतात. भूलतज्ज्ञ हजर नसेल आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेला नसेल, तर मी तिथून मुलाला घेऊन उठेन.

पूर्ण भूल

सहा-आठ दातांचं काम, तीन वर्षांखालचं मूल, स्वमग्न किंवा इतर विशेष गरजा असलेलं मूल, किंवा गाव इतकं लांब की पाच खेपा शक्यच नाहीत: इथे पूर्ण भूल हा अतिरेक नाही, शहाणपणाचा रस्ता आहे. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ मुलाला झोपवतात आणि सगळे दात एका बैठकीत होतात. मुलाला काही आठवत नाही. बहुधा संध्याकाळी घरी.

त्याआधी रक्ततपासणी आणि भूलतज्ज्ञांची भेट. घन अन्न आणि गाईचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, पाणी कधी बंद करायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. मामाने लाडाने दिलेलं एक बिस्किटही ऑपरेशन पुढे ढकलतं. कफ-खोकला असला तरी पुढे ढकलतात आणि ते बरोबरच आहे. शुद्धीवर येताना काही मुलं अर्धा तास आकांत करतात, ओळख दाखवत नाहीत. आधी माहीत नसलं तर आईची गाळण उडते.

बाबांनी रात्री वाचलेलं बहुतेक हे असणार: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2016 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिला होता. 2019 मध्ये आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तान्हेपणी एकदा, तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांच्या बुद्ध्यांकात पाचव्या वर्षी फरक आढळला नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते ‘भूल वाईट का?’ असं नाही. वेळ किती लागेल आणि पुन्हा द्यावी लागू नये म्हणून काय करणार, हे विचारा. भुलेखाली डॉक्टर थोडं जास्तच काम करून ठेवतात, भरण्याऐवजी कॅप बसवतात, त्याचं कारण हेच. खर्च सगळ्यांत जास्त, आणि आरोग्य विम्यात अपघात सोडून दातांचं काम सहसा बसत नाही, तेव्हा पॉलिसी आधी उघडून बघा.

आणखी एक ‘पर्याय’ कुणी तोंडावर सांगत नाही, पण घडतो: चौघांनी हातपाय धरून काम उरकणं. गालाला सूज आलीय, ताप आहे, दात आत्ताच काढायला हवा, तर क्षणभर धरणं समजू शकतं. चार दाढांच्या कामासाठी मुळीच नाही. रडू थांबवायला मुलाच्या तोंडावर हात दाबायची जुनी पद्धत अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने 2006 मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली.

कुणाकडे

घराजवळचे नेहमीचे डॉक्टर एका दाढेसाठी उत्तम, मुलाला चेहरा ओळखीचा असतो. काम जास्त असेल तर बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस केलेले बालदंतरोगतज्ज्ञ गाठा. खर्चाची ओढाताण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर किंवा गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय: तिथे मुलांचा वेगळा विभाग असतो. रांग लांब आणि काम शिकाऊ डॉक्टरांच्या हातून, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. पण हे शिकाऊ डॉक्टर मुलाला वेळ देतात. गर्दीच्या खासगी दवाखान्यात तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

सुरुवातीच्या घरात माझं मत विचाराल तर: दोन उथळ दाढांना हॉलची कॅप, दोन खोल दाढांचं खुर्चीत रूट कॅनाल, मूल मास्क लावू देत असेल तर गॅसच्या मदतीने. पहिल्या खेपेला फक्त एक सोपी कॅप. ती खेपच फिसकटली तर हट्ट न करता भुलेची तारीख घ्यायची.

तोवर ठणकलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. लवंग तेलाचा बोळा किंवा गोळी कुटून हिरडीवर ठेवणं नको, कोवळी हिरडी भाजते. काम झाल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर असतो आणि मूल गंमत म्हणून तो चावत बसतं, संध्याकाळी टम्म सुजलेला ओठ बघून सगळे डॉक्टरांवर उखडतात. बधिरपणा जाईपर्यंत जेवण नाही, मऊभातही नाही, आणि एक मोठं माणूस समोर बसलेलं हवं. रात्री झोपताना दुधाची बाटली त्याच दिवसापासून बंद, ब्रशवर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, आणि ब्रश सहा-सात वर्षांचं होईपर्यंत तुमच्या हातात.