३५ एमएम, ७०-३०० आणि अडकलेला पोलरायझर : दिवाळी ते पावसाळा वापरानंतर

निकॉनच्या डी३५०० कॅमेऱ्याची बॉडी आणि तिच्यासोबत येणारी १८-५५ झूम लेन्स यांच्यावर इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. हा अनुभव नंतर घेतलेल्या सामानाचा आहे: ३५ एमएम एफ १.८जी आणि एएफ-पी ७०-३०० व्हीआर या दोन लेन्स, एक पोलरायझर (चकाकी घालवणारा फिल्टर), दोन स्टेप-अप रिंगा (मोठ्या मापाचा फिल्टर लहान मापाच्या लेन्सवर बसवायच्या कड्या) आणि बाकी किरकोळ. गेल्या दिवाळीपासून वापरतेय, मध्ये अख्खा पावसाळा गेला. लिहायला बसले ती मात्र यातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूमुळे. दीडशे रुपयांच्या रिंगेपायी मला लेन्सच्या जवळपास निम्म्या किमतीचा खर्च सांगण्यात आला.

मुळात प्रश्न मापाचा. १८-५५ला ५५ एमएमचा फिल्टर बसतो, ३५ला ५२चा आणि ७०-३००ला ५८चा. तीन लेन्स, तीन मापं. चांगला पोलरायझर तीनदा घ्यायचा हे मला पटणं शक्य नव्हतं. म्हणून सगळ्यात मोठ्या मापाचा, ५८चा एकच घेतला आणि बाकी दोन लेन्ससाठी रिंगा. सगळेच असं सांगतात आणि हिशोबाला ते बरोबरही आहे.

पोलरायझरवर एवढा जीव का, ते आधी सांगते. बाकीचे बरेच परिणाम नंतर संगणकावर करता येतात, हा येत नाही. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात गेलात तर ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चकाकी असते आणि फोटोत हिरवा रंग राखाडी दिसतो. पोलरायझरची पुढची कडी हळूहळू फिरवली की एका जागी ती चकाकी जाते आणि पान आतून हिरवं दिसायला लागतं. ढगाळ हवेतही हे होतं, त्यासाठी ऊन लागत नाही. निळ्या आकाशासाठी मात्र सूर्य खांद्याच्या बाजूला हवा, काटकोनात. पाषाण तलावाच्या काठावर पाण्याकडे साधारण ३५-४० अंशांतून खाली बघितलं तर पाण्यावरची झळाळी जवळजवळ पूर्ण जाते. समई, कळस अशा धातूच्या वस्तूंवर काहीच फरक पडत नाही, तिथे काढून ठेवायचा. एसएलआरला ‘सर्क्युलर’च लागतो, कारण साध्या लिनिअर पोलरायझरने ऑटोफोकस आणि मीटरिंग (उजेडाची मोजणी) गडबडू शकतं. दुकानात जुना स्वस्त माल दाखवतात, नाव वाचून घ्या.

आता ताम्हिणीतली गोष्ट. ३५वर ५२-५८ रिंग, तिच्यावर पोलरायझर. पाऊस वाढला म्हणून काढायला गेले तर काहीच हलेना. पोलरायझर अडकला की खरी पंचाईत अशी की त्याची पुढची कडी मोकळी फिरते. तुम्ही जोर लावता आणि नुसती तीच गरगरते. पकड मिळायला हवी ती मागच्या, नखाएवढ्या जाडीच्या कडेवर. ती चिमटीत धरली की पातळ धातू दबून किंचित लंबगोल होतो आणि आटे आणखी घट्ट बसतात. या आट्यांचं अंतर पाऊण मिलिमीटर असतं. रिंग एका बाजूने जराशी तिरकी चढली तरी पुरे.

पुण्यात आल्यावर एका सर्व्हिस काउंटरवर नेली. लेन्स हातात न घेताच उत्तर मिळालं, “मॅडम, पुढची असेंब्ली बदलावी लागेल.” मी म्हटलं, आधी रिंग काढून तर बघा. तर म्हणे काढताना काही झालं तर जबाबदारी आमची नाही. मग असेंब्ली बदलताना ती रिंग कशी काढणार होते? याचं उत्तर नाही. अंदाजपत्रक लेखी मागितलं, ते देईनात. तपासणीचे पैसे मात्र मागितले. दिले, पण पावतीवर ‘रिंग न काढता परत’ असं लिहून घेतलं आणि लेन्स घेऊन निघाले. तपासणी झालीच नाही, तिचे पैसे कशाचे, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

काम झालं ते घराजवळच्या पंक्चरवाल्या काकांकडे. मी फक्त जुन्या ट्यूबचा तुकडा मागायला गेले होते. त्यांनी लेन्स बघितली, सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद चकती कापली, ती ताणून त्या कडेवर चढवली आणि म्हणाले, “ताई, दोन बोटांनी धरू नका. पाचही बोटं सगळीकडून सारखी टेकवा. आवळायचं नाही, नुसतं फिरवायचं.” मी लेन्स तिच्या पुढच्या टोकाजवळ धरली आणि फिरवलं. दुसऱ्या प्रयत्नात कर्र असा बारीक आवाज झाला आणि सुटली. लेन्सच्या आट्यांना काहीही झालेलं नाही. रिंगेच्या आट्यांवर एका जागी काळा रंग उडून चांदीसारखी रेघ उमटलीय, तिथेच ती तिरकी बसली होती. काकांनी पैसे घेतले नाहीत. ट्यूबची ती चकती आता कॅमेऱ्याच्या बॅगेत कायम असते.

रिंग लेन्समधून सुटली, पण पोलरायझर आणि रिंग एकमेकांना अजून सोडत नाहीत. दोन्ही अॅल्युमिनियम. सारख्या धातूचे बारीक आटे असे चिकटतात; पितळेच्या रिंगा त्या मानाने कमी अडकतात. परिणाम असा की तिन्ही लेन्ससाठी घेतलेला फिल्टर आज फक्त ३५वरच बसतो.

सगळ्यात मोठ्या मापाचा एकच फिल्टर घ्या, असं मी पावसाळ्याआधी कोणालाही सांगितलं असतं. आता सांगणार नाही. ७०-३००वर पोलरायझर लावायची वेळ जवळजवळ येतच नाही. ती लेन्स ३००ला एफ ६.३च उघडते (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), त्यात पोलरायझर आणखी एक-दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मग उडणाऱ्या पक्ष्याला लागणारं वेगवान शटर आणायचं कुठून? म्हणजे ५८चं माप ज्या लेन्ससाठी घ्यायचं, तिला त्याची गरजच नाही. ५५चा घ्या. तो १८-५५वर सरळ बसतो, रिंगेशिवाय, आणि ताम्हिणी-कासला खरी तीच लेन्स लागते. ३५साठी पितळेची ५२-५५ रिंग पुरते. पैसेही कमी लागतात. एक अडचण दोन्हीकडे आहे: हूड (लेन्सच्या तोंडावरचं आडोशाचं कडं) लावला की पोलरायझर फिरवायला बोट आत जात नाही. मी फिरवून घेते आणि मग हूड लावते, आडवा फोटो उभा केला की पुन्हा काढते. वैताग आहे, पण इलाज नाही.

लेन्सबद्दल थोडक्यात. ३५ आधी अपुरी वाटली, झूम नाही म्हणून. मग पेठेतल्या एका जुन्या वाड्यात माजघरातले फोटो काढले आणि मत पालटलं. १८-५५ झूम ३५ एमएमवर ठेवली की जेवढा उजेड घेते त्यापेक्षा साधारण अडीच स्टॉप जास्त उजेड ही घेते, म्हणजे जिथे १/१० सेकंदाचं शटर लागत होतं तिथे १/६० मिळतं आणि माणसं हलली तरी चालतं. व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही, त्याची उणीव मला जाणवली नाही. एफ १.८ला चांदीच्या भांड्यांच्या कडांवर जांभळी-हिरवी झाक येते, २.८ला बरीच कमी होते. हूड खोक्यातच मिळतो, हे मला फार आवडलं. स्वस्त पडते म्हणून कोणी जुनी ५० एमएम ‘डी’ मालिकेतली देऊ लागलं तर लक्षात ठेवा, या बॉडीत फोकसची मोटर नाही, तिच्यावर हातानेच फोकस करावा लागेल. ७०-३०० भिगवणला पक्ष्यांसाठी उत्तम चालली, फोकस चपळ आणि बिनआवाजी. घेताना नावात व्हीआर आहे याची खात्री करा. व्हीआर नसलेली जुळी बहीण दिसायला अगदी तशीच आहे. माउंट प्लॅस्टिकचं आहे, अजून तरी काही तक्रार नाही.

दुकानात गळ्यात मारायचं सामान ठरलेलं असतं. वायरचा किंवा इन्फ्रारेड रिमोट घेऊ नका, डी३५००ला तो चालत नाही. ट्रायपॉडवर सेल्फ टायमर लावा. दुसरी बॅटरीही लागत नाही, कंपनीच्या मोजणीने एका चार्जवर १५५० फोटो निघतात. यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात कामाचा होता, डिजिटल सेन्सरपुढे आधीच गाळणी असते. सारसबागेत दिवाळी पहाटेला तो लावून पणत्यांचे फोटो काढले तर प्रत्येक ज्योतीचा हिरवट ठिपका फ्रेममध्ये तिरक्या समोरच्या बाजूला उमटला. काढल्यावर गेला. विसर्जनाच्या दिवशी मात्र लक्ष्मी रोडवर मी तोच यूव्ही आवर्जून लावला. गुलाल थेट काचेवर बसला की पुसताना ओरखडे पडायची भीती, फिल्टरवरचा घरी येऊन पाण्याखाली धुता येतो. तेव्हा घ्या, पण रोज लावून ठेवू नका.

लेन्सला बुरशी लागू नये म्हणून मी महागडं ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घेतलं नाही. तुळशीबागेतून रबरी कड असलेला हवाबंद डबा आणला, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवते, वर सरकला की जेल तापवून पुन्हा भरते. साठच्या वर फार दिवस गेले की बुरशीला फावतं, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बंद बॅगेत तेवढं सहज होतं. टॉर्च मारून तिन्ही लेन्स बघितल्या, स्वच्छ आहेत.

रिंग घेताना एवढं करा. लेन्स सोबत न्या, काउंटरवरच रिंग लावून काढून बघा. बसवताना आधी उलटी फिरवा, टक असं जाणवलं की मग सुलट. जोर लावावा लागला तर ती रिंग परत करा. दुकानदार लावून बघू देत नसेल तर त्याच्याकडून घेऊच नका.