बोरीच्या जुन्या घरात फायबर : दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

एप्रिलच्या शेवटी आमच्या गोव्यातल्या बोरी गावच्या घरात फायबरचं इंटरनेट घेतलं, त्याला आता दहा महिने होत आले. त्यानंतर नातेवाइकांत चार-पाच जणांनी विचारलं की घेऊ का, राउटर कुठला, पावसात टिकतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडे अनुभव कंपनीपेक्षा तुमच्या वाड्यावर लाइन बघणारा माणूस कोण आहे त्यावर जास्त ठरतो. आणि आधीच सांगतो, या दहा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ नेटच्या स्पीडवर गेला नाही, तो घरातल्यांची ईमेल खाती नीट करण्यात गेला, आणि मला तरी तेच काम जास्त मोलाचं वाटतं.

आधी नेटबद्दल. प्लॅन 599 चा, 18 टक्के जीएसटी धरून महिन्याला 707 रुपये पडतात, स्पीड 100 एमबीपीएस. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले शंभर सांगितलंय आणि फाइल तर बाराच्या वेगाने उतरतेय, फसवलं की काय. फसवलं नव्हतं, प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल उतरताना दिसतो तो मेगाबाइटचा, आठाने भागायचं, म्हणजे साडेबाराच्या आसपास आलं की बरोबर आहे.

खरा त्रास निघाला तो भिंतींचा. घर आजोबांच्या वेळचं, दीड-दोन फुटी चिऱ्याच्या भिंती, आणि लाइनवाल्याने राउटर बसवला बल्कावाजवळच्या (म्हणजे दारापुढच्या ओसरीजवळच्या) खोलीत कारण त्याला केबल तिथपर्यंत आणणं सोपं. त्या खोलीत नेट धावायचं, मधल्या चौकात रखडायचं आणि मागच्या स्वयंपाकघरात शून्य. 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो पण जाड भिंत त्याला पार करता येत नाही, 2.4 चा थोडा जास्त आत शिरतो, पण दोन भिंतींनंतर तोही थकतो. मी घाईने दोन नगांचा मेश सेट घेतला, म्हणजे घरात दोन ठिकाणी ठेवून एकच वायफाय पसरवणारे राउटर, तेवढ्याने भागलं नाही, कारण ते दोघं एकमेकांशी बोलणार तेही त्याच भिंतीतून ना. मग इलेक्ट्रिशियनकडून माळ्यावरून कॅट 6 ची (म्हणजे नेटवर्कची) केबल मागच्या खोलीपर्यंत ओढून घेतली आणि दुसरा नग त्या केबलला जोडला, त्या दिवसापासून तक्रार संपली. जुन्या घरात घेणार असाल तर मेशच्या आधी केबलचा खर्च धरा, शंभर मीटरपर्यंत ती आरामात चालते.

आणि आमच्याकडे घरात मोबाइलची रेंज येत नाही, फोन आला की सगळे बल्कावात. फोनमध्ये वायफाय कॉलिंग नावाची सेटिंग असते ती चालू केली, आता आई स्वयंपाकघरातून बोलते. याचे वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त तुमचा फोन आणि सिमची कंपनी दोघांनी ती सोय दिलेली पाहिजे.

पावसाळा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात राउटरवर एलओएसचा लाल दिवा लागला, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही. फोन केला तर लाइनवाला "फाल्यां येतां" (उद्या येतो) म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी आला, माडाचं चुडत (झावळी) पडून केबल तुटली होती. जोडून गेला, नेट आलं पण दर तासाला जाऊन येऊन. तेव्हा मी राउटरच्या पानावर आरएक्स पॉवर नावाचा आकडा बघायला शिकलो, फायबरमधून किती प्रकाश पोचतोय ते तो डीबीएम या मापात सांगतो. साधारण उणे 15 ते उणे 25 डीबीएमच्या मध्ये असला तर लाइन ठीक, उणे 27 च्या पलीकडे गेला की ती धरत नाही. आमचा उणे 29 होता. हा आकडा फोनवर सांगितल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी माणूस आला, जोड परत केला, कपाटामागे केबल काटकोनात मुडपली होती तीही सैल केली, आकडा उणे 21 वर आला आणि तिथेच आहे. "नेट स्लो आहे" म्हणून तक्रार करण्यापेक्षा हा आकडा सांगा, फरक पडतो. केबल मुडपू नका, आणि उघड्या टोकात डोळा लावून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला वाईट असतो.

विजेचं म्हणाल तर लाइट गेली की नेट जायचं. राउटरसाठी छोटा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो तो घेतला, तीन तास तरी काढतो. घेताना अॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. आणि विजा कडाडायला लागल्या की आम्ही अॅडॉप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवतो, काचेच्या तंतूतून करंट येत नाही हे खरं असलं तरी बाहेरच्या काही केबलींत आधाराला पोलादी तार असते आणि विजेचा सॉकेट तर असतोच.

राउटरच्या आतलं काम एका संध्याकाळचं आहे पण कोणी करत नाही. मागे चिकटवलेला अॅडमिनचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद केलं, बाहेरून राउटरमध्ये शिरायची रिमोट मॅनेजमेंटची सोय बंद केली, फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. आणि गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, उघडलं. याचं महत्त्व चवथीला (गणेश चतुर्थीला) कळलं. मूळ घर असल्याने चवथीला तीस-पस्तीस माणसं जमतात आणि माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधून होईपर्यंत निम्मी पोरं वायफायचा पासवर्ड मागतात. गेल्या वर्षापर्यंत शेजारच्या काकांकडे मुख्य पासवर्डच वाटला जायचा, म्हणजे कोणाच्या फोनमध्ये काय आहे कोणास ठाऊक आणि ते सगळं त्याच नेटवर्कवर जिथे घरचा कॅमेरा आणि कामाचा लॅपटॉप. आम्ही गेस्टचा क्यूआर कोड छापून दारामागे लावला, चवथ झाल्यावर पासवर्ड बदलला, विषय संपला. टीव्ही आणि कॅमेराही कायम गेस्टवरच ठेवलेत.

आता मेल. सुरुवात बाबांपासून झाली. ते निवृत्त शिक्षक, त्यांची तक्रार अशी की फायबर आल्यापासून मेल येत नाहीत, आणि घरात सगळ्यांनी नेटला दोष दिला, मीसुद्धा. बघितलं तर जीमेलची 15 जीबी जागा भरलेली. ही जागा एकट्या मेलची नसते, ड्राइव्ह आणि फोटो तिच्यातच, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा आता तिच्यातच मोजला जातो. बाबांच्या बॅकअपमध्ये सुप्रभातचे व्हिडिओ गच्च भरलेले. जागा भरली की समोरच्याने पाठवलेली मेल परत जाते आणि आपल्याला काही कळतही नाही. बॅकअपमधून व्हिडिओ वगळले, गूगलच्या स्टोरेजच्या पानावर मोठ्या फाइलींच्या मेल एकत्र दिसतात त्या पुसल्या, आणि मग ट्रॅश रिकामा केला, कारण नाहीतर पुसलेलंही तीस दिवस जागा अडवून बसतं. तासाभरात बाबांची पेन्शनची मेल आली.

यापेक्षा मोठा प्रकार झाला धाकट्या भावाकडे, आणि हा भाग मी नीट लिहितो कारण यात आम्ही दोन आठवडे फिरलो. त्याची मांद्रेला दोन खोल्यांची होमस्टे आहे, सगळी बुकिंगं मेलवर. नोव्हेंबरात त्याला एका पाहुण्याच्या नावाने तक्रारीची मेल आली, खोलीचे फोटो बघा म्हणून लिंक, लिंक उघडल्यावर जीमेलच्या लॉगिनसारखंच पान, त्याने पासवर्ड टाकला. मग काहीच झालं नाही. आठवड्याने पुण्याहून एक बाई फोन करून विचारते की अॅडव्हान्स दुसऱ्यांदा का मागताय, मी तर भरला. भावाला पत्ताच नाही, त्याने मागितलाच नव्हता. त्याने लगेच पासवर्ड बदलला आणि आम्हाला वाटलं मिटलं. चार दिवसांनी दुसऱ्या पाहुण्याला तसाच मेसेज.

मग मी जाऊन बसलो त्याच्या कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटरवरच बसायला पाहिजे कारण फोनच्या जीमेल अॅपमध्ये ही सेटिंग दिसतच नाही. आत एक फिल्टर होता, बुकिंग किंवा पेमेंट शब्द असलेली प्रत्येक मेल वाचलेली म्हणून खूण करून इनबॉक्समधून बाजूला टाकायची, आणि तिची एक प्रत भलत्याच पत्त्यावर फॉरवर्ड. म्हणजे पासवर्ड बदलला तरी चोराला सगळं मिळत होतं आणि भावाला काही दिसत नव्हतं. त्यामुळे ज्याचं खातं फुटलंय त्याने पासवर्ड बदलून थांबू नका. फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा, रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल आपलाच आहे का बघा, कुठकुठल्या फोन-कॉम्प्युटरवर खातं उघडं आहे ती यादी बघून अनोळखी काढून टाका, आणि कुठल्या अॅपला खात्याची परवानगी दिलीय तेही. तोच पासवर्ड त्याने फेसबुकला वापरला होता, तोही बदलला. बँक, फेसबुक, बुकिंगची साइट, सगळीकडे "पासवर्ड विसरलो" म्हटलं की मेल याच खात्यात येते, म्हणून हे एक खातं गेलं की बाकीची मागोमाग जातात.

पुण्याच्या बाईंनी मात्र शहाणपणा केला, आमचं उत्तर ऐकल्या ऐकल्या 1930 ला फोन लावला. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर, जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवायची शक्यता जास्त. त्यांच्या रकमेतला बराचसा भाग अडवता आला. हा नंबर आम्ही फ्रिजवर लिहून लावलाय.

त्यानंतर घरातल्या सगळ्यांना टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, लावून दिलं. इथे पण रेंजचा घोळ, ओटीपीचा एसएमएस घ्यायला आईला बल्कावात पळावं लागायचं, तेवढ्यात वेळ संपायचा. ऑथेंटिकेटर अॅपवर गेलो, त्यातला कोड फोन स्वतःच घड्याळावरून काढतो, दर तीस सेकंदांनी बदलतो, त्याला रेंज लागत नाही आणि नेटही लागत नाही. गूगल दहा बॅकअप कोड देतं ते छापून एलआयसीच्या फाइलीत ठेवलेत, फोन हरवला तर तेच कामाला येतील.

पासवर्डसाठी मी बिटवॉर्डन हे पासवर्ड साठवणारं अॅप वापरतो, फुकटातही कितीही पासवर्ड आणि कितीही उपकरणं चालतात, दहा महिन्यांत अडलं नाही. बाबांना ते जमलं नाही आणि मी हट्ट सोडला. ते वहीत लिहितात आणि वही कपाटात कुलपात. लोक याला नावं ठेवतात पण मला ते पटत नाही, नेटवरचा चोर कपाटात येत नाही, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही शंभर पटीने बरी.

आईला जानेवारीत मेसेज आला की मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला. तिने फोन केला, पलीकडच्याने गोड बोलून स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगितलं. तिथे ती थांबली, कारण आमच्या घरात एक नियम ठरलाय, कोणीही घाई केली की फोन ठेवायचा आणि बिलावर छापलेल्या नंबरला आपण स्वतः करायचा. बिल भरलेलंच होतं. तसंच लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून एपीके फाइल येते, ती उघडली की फोनवर अॅप बसतं, खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, अॅप नसते. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, कोणी मागितला तर तिथेच थांबायचं. बँकेची साइट ओळखायला सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांना डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे पत्त्यात पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवट वाचायचा, सुरुवात नाही, सुरुवातीला कोणीही काहीही लिहू शकतो.

एकूण घ्यावं का, तर घ्या, मी नूतनीकरण करतोय. दोन कामं राहिलीत. बाबांच्या लॅपटॉपवर अजून विंडोज 10 आहे, त्याचा साधा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तो मशीन 11 घेत नाही, काही सोय होईतोवर त्यावर बँकेचं काम बंद ठेवलंय. आणि केबल परसातल्या फणसाखालून गेलीय, फणस धरायच्या आधी ती वरची फांदी तोडायला माणूस सांगितलाय.