लॅडर, सर्टिफिकेशन की पदवी? वॉर्डमधल्या नर्ससाठी तुलना

वॉर्डात चार-पाच वर्षं ड्यूटी झाली की समोर तीन वाटा दिसतात: रुग्णालयाचा स्वतःचा क्लिनिकल लॅडर (कौशल्यानुसार नर्सच्या बढतीच्या पायऱ्या), स्पेशालिटी सर्टिफिकेशन (एका शाखेतल्या कामासाठी परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र) आणि पदव्युत्तर पदवी. फी आणि कालावधी नंतर बघा. आधी ठरवा, पाच वर्षांनी तुम्हाला रुग्णाच्या खाटेपाशी राहायचं आहे का? राहायचं असेल तर पहिल्या दोन वाटा पुरतात. रुग्ण तपासून उपचार ठरवायचे असतील किंवा शिकवायचं असेल, तर पदवी टाळता येत नाही.

क्लिनिकल लॅडर

बहुतेक लॅडर अमेरिकन नर्सिंग अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या, नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच टप्प्यांवर बेतलेले असतात. खर्च जवळपास नाही, नोकरी सोडावी लागत नाही. पण ही पायरी त्या रुग्णालयापुरतीच असते. दुसरीकडे गेलात की बहुधा पुन्हा खालून सुरुवात.

वरच्या पायरीसाठीचा अर्ज अडकतो तो पोर्टफोलिओत, म्हणजे केलेल्या कामाच्या पुराव्यांच्या फाइलीत. ‘फ्लेबायटिस (शिरेचा दाह) कमी करण्याच्या उपक्रमात सहभाग’ एवढ्या ओळीवर समिती काही देत नाही. बदल करण्याआधीच्या चार आठवड्यांत किती कॅन्युला (शिरेतून औषध द्यायच्या नळ्या) लावल्या, त्यांतल्या किती जागा लाल झाल्या किंवा सुजल्या, तुम्ही स्वतः काय बदललं आणि पुढच्या चार आठवड्यांत तेच दोन आकडे काय आले, हे हवं. मोजणी बदलानंतर सुरू केली तर तुलनेला काहीच उरत नाही, आणि ही चूक मागाहून दुरुस्त होत नाही. म्हणून अर्जाच्या सहा महिने आधी वही घाला.

स्पेशालिटी सर्टिफिकेशन

हे तुमच्या नावावर असतं, रुग्णालय बदललं तरी सोबत येतं. मात्र तासांचा हिशेब कडक. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर नर्सेसच्या संघटनेची सीसीआरएन परीक्षा घ्या: दोन वर्षांत १,७५० तास अतिगंभीर रुग्णांची थेट सेवा, त्यांतले ८७५ शेवटच्या वर्षातले. १२ तासांच्या शिफ्टने हे ८७५ म्हणजे ७३ शिफ्ट. मोठी रजा झाली असेल तर इथेच गाडी अडते. तेव्हा दुसरा पर्याय बघावा, पाच वर्षांत २,००० तास आणि शेवटच्या वर्षात १४४. आयसीयूमधून जनरल वॉर्डात पाठवलेल्या दिवसांचे तास यात धरू नका. परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्न. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण.

पगारात फरक पडेलच असं नाही. तो प्रश्न एचआरला फी भरण्याआधी विचारा.

पदव्युत्तर पदवी

सर्वांत महाग, सर्वांत लांब, पण कामाचं स्वरूपच बदलणारी हीच. नर्स प्रॅक्टिशनरचा (स्वतः रुग्ण तपासून उपचार ठरवणाऱ्या नर्सचा) पहिला अभ्यासक्रम १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला. तरी या भूमिकेला औषधं लिहिण्याचा अधिकार आजही सगळीकडे सारखा नाही. पदवी घेतली आणि परवाना देणारी संस्था तो अधिकारच देत नाही, तर सगळी मेहनत कागदावर राहते.

थिअरी नाइट ड्यूटी सांभाळून निघते. मोडतात ते क्लिनिकल तास, म्हणजे रुग्णांसोबतच्या प्रात्यक्षिकाचे तास, कारण ते दिवसाचे असतात आणि ड्यूटीत धरले जात नाहीत. त्यासाठी प्रिसेप्टर (प्रत्यक्ष कामात शिकवणारा अनुभवी मार्गदर्शक) कोण शोधणार, विद्यापीठ की तुम्ही, हे प्रवेशाआधी लेखी घ्या. ‘आम्ही मदत करू’ म्हणजे शोधायचं तुम्हीच.

इनचार्जपद हवं असेल त्यांनी मोठ्या फीकडे घाईने वळू नये. आधी वर्षभर शिफ्टची जबाबदारी घ्या, ड्यूटीचं वेळापत्रक लावा, भांडणं मिटवा. हे काम आवडतं की नाही ते तिथेच कळतं.

फी रुग्णालय भरणार असेल तर बाँडमधल्या दोन ओळी वाचा. मुदत प्रवेशापासून मोजतात की कोर्स संपल्यापासून? आणि मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांपुरते पैसे परत द्यायचे की सगळे? दोन वर्षांचा बाँड दोन वर्षांच्या कोर्सनंतर सुरू झाला, तर तुम्ही चार वर्षं बांधले जाता.