पुरस्कार आणि जाहिराती विकण्याची नोकरी स्वीकारण्यापूर्वी

कोल्हापुरात मासिक प्रसिद्ध करणाऱ्या आणि त्याच नावाने उद्योजकांचे सन्मान सोहळे भरवणाऱ्या एका कंपनीत मी जाहिरात विक्रीचे काम केले. तक्रारीची चौकशी चालू असल्याने कंपनीचे नाव येथे देत नाही. मात्र तिची कार्यपद्धती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण नुकतेच पदवीधर झालेल्या मुलामुलींना अशा नोकऱ्यांचे निरोप आजही येत आहेत.

मुलाखतीच्या वेळी टेबलावर मासिकाचे गुळगुळीत, रंगीत अंक मांडलेले होते आणि मासिकाचा खप पंचवीस हजार असल्याचे माहितीपत्रकात छापलेले होते. ठरावीक पगार आणि आणलेल्या रकमेवर दहा टक्के इन्सेंटिव्ह, असे तोंडी ठरले. नेमणूक पत्र परिविक्षा काळ संपल्यावर मिळेल असे सांगण्यात आले, आणि ते कोणालाच कधी मिळाले नाही.

काम असे होते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखानदार, गुजरीतील सराफ, हुपरीचे चांदी कारागीर यांच्या याद्या आमच्या हाती दिल्या जात आणि प्रत्येकाला फोन करून ‘आपली पुरस्कारासाठी निवड झाली आहे’ असे सांगायला लावले जाई. निवड समिती अस्तित्वातच नव्हती. पुरस्काराच्या नावात राजर्षी शाहू महाराजांचे नाव घातलेले होते आणि महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेपासून संस्थानातील उद्योगांपर्यंतचा इतिहास निमंत्रणपत्रात लिहिलेला असे. कोल्हापूरचा माणूस त्या नावापुढे शंका घेत नाही, हे कंपनीला नेमके ठाऊक होते, आणि मला आजही सर्वाधिक संताप या गोष्टीचा येतो. अभिनंदन करून झाले की दुसऱ्या भेटीत पॅकेज पुढे येई: पूर्ण पान जाहिरात, मुलाखत, व्यासपीठावर फेटा आणि सन्मानचिन्ह. सगळी रक्कम आधी भरावी लागे.

सोहळा पुढे ढकलला जाई. कधी सभागृह मिळाले नाही, कधी पाहुण्यांची तारीख मिळाली नाही, तर कधी आचारसंहिता लागली, अशी कारणे आम्हीच ग्राहकांना कळवायची होती. मासिकाचे खरे रूप मला छापखान्यात अंक आणायला गेले तेव्हा दिसले. तिथे बांधून ठेवलेले गठ्ठे एका रिक्षात सहज मावले. त्या अंकात ज्यांची पाने होती त्यांना वाटण्यापुरत्याच प्रती छापलेल्या होत्या. बाजारात विक्रीला तो अंक जातच नव्हता.

आमचा पगारही याच पद्धतीने अडवला जाई. इन्सेंटिव्ह सोहळा झाल्यावर मिळणार, आणि सोहळा तर होत नव्हता. टार्गेट अपुरे राहिले की मूळ पगारातून कपात होई. भविष्य निर्वाह निधीच्या नावाने दरमहा १२ टक्के कापले जात, पण आमच्यापैकी कोणाचाही यूएएन, म्हणजे निधीतील सदस्याचा खाते क्रमांक, काढलेला नव्हता, म्हणजे ती रक्कम निधीत जमा होणे शक्यच नव्हते. पुढे तर ग्राहकांचे पैसे आपल्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेऊन कंपनीकडे वळते करा, असा आग्रह सुरू झाला. मी नकार दिला. माझ्या एका सहकाऱ्याने ते केले आणि आता ग्राहकांच्या तक्रार अर्जांत कंपनीऐवजी त्याचे नाव आहे, कारण बँकेच्या नोंदी त्याच्याकडेच बोट दाखवतात.

प्रकार उघडकीस आणला तो शिरोलीतील एका फाउंड्रीच्या हिशेबनिसांनी. आमच्या पावतीवर सरसकट १८ टक्के जीएसटी लावलेला होता. छापील माध्यमातील जाहिरातीच्या जागेवर हा कर ५ टक्के असतो, त्यामुळे त्यांना संशय आला; त्यांनी जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणांवरून खरेदीदाराला पोर्टलवर दिसणारा कराचा तक्ता, तपासला तर त्या कराची नोंदच नव्हती, आणि पावतीवरचा क्रमांक जीएसटी पोर्टलवर दुसऱ्याच व्यवसायाचा निघाला. पावत्यांखाली सह्या मात्र आम्हा विक्री प्रतिनिधींच्या होत्या. हुपरीचे एक वयस्कर कारागीर आमच्या घरी आले. ते रागावले नाहीत. ‘पोरी, मी कंपनी बघितली न्हाई, तुझ्याकडं बघून पैसं दिलं,’ एवढेच ते म्हणाले. कंपनीचा सगळा धंदा याच विश्वासावर चालला होता. स्थानिक मुलांना दारोदार पाठवायचे, त्यांच्या बोलीवर आणि ओळखीवर पैसे गोळा करायचे आणि तक्रार आली की तीच मुले पुढे करायची.

अशी नोकरी समोर आली तर नियतकालिकाची नोंदणी आधी पाहावी. प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि प्रेस महानिबंधकांकडे मासिकाची नोंदणी आहे का, हे नावावरून शोधता येते. अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे नसतील, तर पुढची मुलाखत देऊ नये. खपाचा आकडा सांगितला की ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स या खप तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मागावे; ते सर्वच मासिकांकडे असते असे नाही, पण नसेल तर निदान छापखान्याचे बिल दाखवायला प्रामाणिक प्रकाशकाची हरकत नसते. मागील सोहळ्याचे पुरस्कारार्थी कोण होते हे विचारून त्यांतील दोघातिघांना स्वतः फोन करावा. नेमणूक पत्रात पगार, इन्सेंटिव्ह कधी देय होते आणि रद्द झालेल्या सोहळ्याचे पैसे कोण परत करणार, हे लिहून घेतल्याशिवाय एकाही पावतीवर सही करू नये.

जे आधीच अशा कंपनीत अडकले आहेत, त्यांनी वरिष्ठांचे व्हॉट्सॲप संदेश, पगाराच्या बँक नोंदी आणि दिलेल्या पावत्यांची छायाचित्रे नोकरी सोडण्यापूर्वीच सुरक्षित ठेवावीत. बाहेर पडताच कार्यालयाच्या ग्रुपमधून काढून टाकतात. थकीत पगारासाठी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, तर कापलेल्या निधीसाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालयात अर्ज करता येतो. ग्राहकांची पोलीस तक्रार वेगळी असते, आणि तिला आपला जबाब जोडला तर तपासात पावतीवरची सही आणि पैसे घेणारा मालक यांतला फरक नोंदला जातो. आम्ही काही जणांनी तसे जबाब दिले आहेत.