लोअर केलेल्या जीटी८६साठी पुढचे कॅम्बर बोल्ट: घ्यावेत, पण आकडे आधी ठरवून

टोयोटा जीटी८६ किंवा तिचीच सुबारू आवृत्ती बीआरझेड नुसत्या स्प्रिंगा बदलून २०-२५ मिमी खाली बसवली असेल, तर त्यानंतरचा पहिला खर्च पुढच्या कॅम्बर बोल्टच्या जोडीवर करावा. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत किंवा बाहेर असलेला झुकाव; वरचा भाग आत असेल तर तो उणे मोजतात. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला ही जोडी पुरते. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला पुरत नाही, तिथे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) वरच्या माउंटच्या जागी कॅम्बर प्लेट लागतात. पण प्लेटच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या किमतीत वळणावरचा एवढा फरक देणारा दुसरा भाग या गाडीसाठी नाही.

याची गरज का पडते? या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आहे. मूळ उंचीवर पुढचा कॅम्बर जवळपास शून्य असतो आणि मागचा उणे सव्वा अंशाच्या आसपास. गाडी खाली बसली की मागची चाकं आपोआप आणखी आत झुकतात आणि उणे दीड ते दोन अंशांवर जातात. पुढे मात्र जेमतेम अर्धा अंश मिळतो. शिवाय पुढचा लोअर आर्म आडवा होतो किंवा चाकाकडे वर चढतो, त्यामुळे वळणात बाहेरचं चाक दबताना जो कॅम्बर वाढायला हवा तो वाढत नाही. गाडी कलते, पुढचा टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो, मागची पकड मात्र चांगली असते. परिणाम असा की दिसायला स्पोर्टी झालेली गाडी वळणात नाक बाहेर टाकू लागते. लोक दोष टायरला देतात. खरा दोष पुढच्या-मागच्या कॅम्बरमधल्या तफावतीचा असतो.

कॅम्बर बोल्टची रचना साधी आहे. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी हा बारीक दांड्याचा बोल्ट जातो. त्याच्या दांड्यावर एका बाजूला फुगवटा असतो. बोल्ट फिरवला की फुगवटा नकलला ढकलतो आणि चाकाचा वरचा भाग आत येतो. पाकिटावर दोन्ही दिशांना मिळून जी मर्यादा छापलेली असते तिच्यावर जाऊ नये, आपल्याला एकच दिशा वापरायची आहे. हातात सव्वा ते दीड अंश येतो असं धरून चालावं. उंची घटल्यामुळे मिळालेला अर्धा अंश त्यात मिळवला की पुढे उणे पावणेदोन ते दोनपर्यंत पोचता येतं. रस्त्यासाठी एवढं पुरतं.

कंपनीचेही बारीक दांड्याचे बोल्ट मिळतात. ते अपघातानंतर भूमिती जुळवण्यासाठी असतात आणि जेमतेम अर्धा-पाऊण अंश देतात. गाडी मूळ उंचीवर असेल तर तेवढ्यावर भागतं, खाली बसवलेल्या गाडीला कमी पडतं.

बसवण्याचं काम एका बाजूला अर्ध्या तासाचं आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. चाक काढल्यावर आधी एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी स्ट्रटवरच्या क्लिपमधून मोकळी करावी, नाहीतर नकल बाहेर झुकताच ती ताणली जाते. नकलला खालून जॅकचा आधार द्यावा. मूळ बोल्टाच्या दांड्याला दाते असतात, म्हणून डोकं न फिरवता नट फिरवून सोडवावा. नवा बोल्ट त्याच्यासोबतच्या पत्रिकेत दाखवलेल्या भोकातच घालावा आणि जिभेच्या वॉशरची दिशा नीट पाहावी. वॉशर उलटा बसला की बोल्ट फिरतो पण चाक हलत नाही. घट्ट करण्यापूर्वी चाकाचा वरचा भाग हाताने आत दाबून धरावा, म्हणजे दुसऱ्या भोकात असलेली थोडी ढिलाईही आपल्या बाजूने वापरली जाते.

टॉर्क हा यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मूळ जाड बोल्टाचा आकडा या बारीक बोल्टाला लावायचा नाही. पाकिटावरचा आकडाच घ्यावा, तो कमी असतो. जास्त ताणलेला बोल्ट लांबतो, मग त्याची पकड जाते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात फुगवटा सरकतो. आट्यांना वंगण लावायचं की नाही हेही पत्रिकेप्रमाणेच, कारण वंगण लावलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कला ताण जास्त येतो. घट्ट झाल्यावर बोल्टाच्या डोक्यापासून स्ट्रटपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सरकला, हे चाक न काढताही कळतं. शे-दीडशे किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासावा.

एक जागा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. या बोल्टाने चाक स्ट्रटच्या तुलनेत झुकतं, म्हणजे टायरचा वरचा आतला काठ स्ट्रट आणि स्प्रिंगच्या बशीजवळ येतो. मूळ २१५/४५ आर१७ टायरला अडचण येत नाही. रुंद चाक आणि मोठा ऑफसेट (म्हणजे चाक जास्त आत बसणारं) असेल तर मात्र बोट सरकेल एवढी फट उरते का ते बघावं, न उरल्यास ३-५ मिमीचा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लागतो. कॅम्बर प्लेटमध्ये सगळा स्ट्रटच आत झुकतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

आता आकडे. टो म्हणजे वरून पाहताना चाकांची दिशा: पुढची कड आत वळलेली असेल तर टो-इन, बाहेर असेल तर टो-आउट. रोजच्या वापरासाठी पुढे उणे १.५ अंश, टो शून्य. मागे उणे १.५ ते १.८ आणि दोन्ही चाकांचा मिळून टो-इन ०.१५ ते ०.२० अंश. पुढचा-मागचा कॅम्बर जवळपास सारखा ठेवला की गाडी वळणात तोल राखते आणि मागचा थोडा टो-इन हायवेवर तिला सरळ धरतो. मागे टो-आउट कधीही ठेवू नये. ओल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडताच मागचा भाग पुढे यायला बघतो. ट्रॅकसाठी पुढे उणे २.५ ते ३ आणि मागे उणे २ लागतात, म्हणजे बोल्टांची मर्यादा संपते. कॅस्टर (बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) सहा अंशांच्या आसपास असतो आणि या बोल्टांनी तो बदलत नाही.

डावी-उजवी बाजू सारखी ठेवणं हे कमाल आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. एका बाजूला उणे १.९ आणि दुसऱ्या बाजूला उणे १.५ मिळत असेल तर दोन्हीकडे १.५ ठेवावा. फरक वाढला की गाडी एका बाजूला ओढू लागते.

टायर आतून खाल्ला की दोष कॅम्बरला दिला जातो. उणे दीड अंश कॅम्बर आणि शून्य टो असलेला टायर बऱ्यापैकी समान झिजतो. खाणारा असतो तो टो. आणि स्ट्रटच्या गाडीत कॅम्बर बदलला की टो बदलतोच. म्हणून बोल्ट बसवून अलाइनमेंट पुढच्या आठवड्यावर ढकलू नये. स्प्रिंगा नव्या असतील तर आधी त्या २००-३०० किलोमीटर बसू द्याव्यात, मग बोल्ट आणि अलाइनमेंट एकाच दिवशी करावी. रबरी बुश असलेल्या आर्मचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट केलेले हवेत. हवेत लोंबकळत घट्ट केले तर बुश पिळलेले राहतात आणि उंची व कॅम्बर दोन्ही चुकीचे दिसतात.

अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी लावताना आणखी एक अडचण येते. मशीनमध्ये मूळ उंचीचे आकडे भरलेले असतात, त्यामुळे उणे दीड अंश पडद्यावर लाल दिसतो आणि मेकॅनिक तो हिरवा करायला धावतो. आपले आकडे कागदावर लिहून द्यावेत आणि एकक स्पष्ट लिहावं. १°३०′ म्हणजे १.५ अंश, १.३ नव्हे. ०°१०′ म्हणजे ०.१७ अंश. टो एका चाकाचा की दोन्हींचा, तेही लिहावं. टो मिमीमध्ये देणारं मशीन असेल तर कुठे मोजलं ते विचारावं: २१५/४५ आर१७ टायरच्या बाहेरच्या व्यासावर १ मिमी म्हणजे सुमारे साडेपाच मिनिटं, रिमच्या कडेवर साडेसात. टायरमध्ये हवा २.४ बार, टाकी अर्धी, डिकी रिकामी. काम मागून सुरू करायला सांगावं. मागचा टो दोन्हीकडे समान नसेल तर गाडी तिरकी चालते आणि पुढचं सगळं बरोबर असूनही स्टिअरिंग वाकडं राहतं. पुढे क्रम कॅम्बर, मग टो.

मागे कारखान्याकडून फक्त टो बदलता येतो. २०-२५ मिमीपर्यंत मागचा कॅम्बर जिथे येईल तिथे चालतो. गाडी त्याहून बरीच खाली असेल आणि मागे उणे दोनच्या पुढे आकडा जात असेल, तर बदलता येणारे मागचे लोअर आर्म घ्यावे लागतात आणि हिशेब बोल्टांच्या बाहेर जातो.

गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, त्यामुळे ही माहिती मुख्यतः ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आखात इथल्या मराठी मालकांच्या कामाची. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे बोल्टाचं उघडं टोक आणि मागचा टो बदलण्याचे बोल्ट यांच्यावर गंजरोधक मेण फवारावं. मागचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसला की तो कापूनच काढावा लागतो. पुण्या-मुंबईत पोलो लोअर करणाऱ्यांच्या गाडीलाही पुढे मॅकफर्सन स्ट्रटच आहे, पण तिथे नकल स्ट्रटला वेगळ्या पद्धतीने धरतो. मागणी नोंदवण्यापूर्वी आपल्या गाडीच्या स्ट्रटला खाली दोन आडवे बोल्ट आहेत का ते चाकामागे वाकून बघावं. नसतील तर हा भाग त्या गाडीला बसणार नाही.